फुटायच्या विटा

पावसाचे दिवस नव्हते, ढगांचा पत्ता नव्हता, आणि तरी भर दुपारी तो आला. पाऊण तास कोसळला आणि भट्टीवालीच्या आठ दिवसांच्या मेहनतीचा चिखल करून निघून गेला.

आवारात वाळत घातलेल्या कच्च्या विटांच्या रांगा होत्या. घरात होते तेवढे प्लॅस्टिकचे कागद तिने आणि तिच्या पोरीने धावत जाऊन वर टाकले. वाऱ्याने ते उचलून कुंपणावर नेले. पोरगी कागदाच्या एका टोकावर पोट टेकून पडली, आई दुसऱ्या टोकावर. त्या दोघींच्या अंगाखाली जेवढ्या विटा होत्या तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांच्या कडा आधी गळाल्या, मग अंग बसलं, आणि शेवटी कुठली वीट कुठली हे ओळखू येईना.

भट्टी तशी नवऱ्याची. पण धुराने त्याची छाती कामातून गेली होती, दहा पावलं चालला की खोकला त्याला वाकवायचा. तेव्हापासून चिखल तुडवणं, साचा मारणं, विटा रचणं सगळं तिच्या अंगावर आलं आणि लोक तिला भट्टीवाली म्हणायला लागले. तोही दारात बसून तेच म्हणायचा. "भट्टीवाली, उत्तरेकडून धूर काळा येतोय बघ." आग मात्र अजून त्याचीच होती. लाकूड केव्हा, भुसा केव्हा, तोंड केव्हा बंद करायचं हे तो वासावरून सांगायचा.

पोरीचं नाव कणी पडलं होतं, कारण जन्मली तेव्हा एवढीशी होती. आता चौदाची झाली होती आणि चिखलात उतरली की आईच्या बरोबरीने पाय चालवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी विरघळलेला चिखल फावड्याने पुन्हा खड्ड्यात ओढत होत्या. तेवढ्यात मोटरसायकल थांबली. कणीने फावडं टाकलं, टाचा जुळवल्या आणि कमरेत वाकली.

"सर आले," ती आईला म्हणाली, जसं काही आईला डोळेच नव्हते.

सर म्हणजे कराटेचे सर. बाजारामागच्या जुन्या गोदामात त्यांचा वर्ग चालायचा. संध्याकाळी तीसचाळीस पोरं पांढरे डगले घालून ओरडत लाथा झाडायची. पण नुसत्या लाथाच नाहीत. सरांनी त्या पोरांकडून बाजाराचं गटार उपसून घेतलं होतं, आणि स्वतः गुडघाभर त्यात उभे राहिले होते. दवाखान्याला खाटा मिळवून दिल्या होत्या. माणूस वाईट नव्हता. भट्टीवालीला नंतर सगळ्यात जास्त राग ह्याचाच आला, की माणूस वाईट नव्हता. कणीकडून त्यांनी कधी फी घेतली नव्हती. एकदा भट्टीवालीने विषय काढला तेव्हा हात जोडून म्हणाले होते, "ताई, हिच्यासारखा हात माझ्या वर्गात दुसरा नाही." त्या वाक्यावर ती चार महिने चालली होती.

आज त्यांनी बाह्या वर सारल्या, कणीचं फावडं उचललं आणि काही न बोलता दहाबारा फावडी चिखल ओढला. धरलं चुकीचं होतं, पण ओढला.

"नुकसान बरंच झालं ना, ताई?"

"दिसतंय तेवढंच."

"एक काम आणलंय तुमच्यासाठी." सरांनी फावडं उभं केलं. "शाळेत मुलींसाठी संडास नाही. तुम्हाला माहीतच आहे."

तिला कोण सांगणार ते? कणी सकाळी पाण्याचा घोट न घेता शाळेत जायची आणि दुपारी घरी येऊन आधी आडोसा गाठायची, मग दप्तर काढायची. दोनदा तिला तापाने घेरलं होतं आणि डॉक्टरने 'पाणी प्या, पाणी प्या' म्हणून झापलं होतं.

सरांचा बेत असा होता. मैदानात मोठा कार्यक्रम करायचा. पोरांनी विटा फोडायच्या आणि बघणाऱ्यांनी प्रत्येक विटेमागे देणगी द्यायची. पाहुण्यांनाही हात मारून बघू द्यायचं. जमेल त्या निधीतून विटा, सिमेंट घ्यायचं आणि बांधकाम वर्गातल्या पोरांनी, त्यांच्या आईबापांनी स्वतः करायचं.

"बांधायच्या विटा तुमच्याच घेणार. आणि फोडायच्याही तुमच्याच."

"घ्या की."

"फक्त फोडायच्या जरा..." सर कणीकडे बघून थांबले. "कणी, पाणी आण गं प्यायला."

कणी पळाली.

"जरा काय?" भट्टीवालीने विचारलं.

"जरा कमी भाजलेल्या पाहिजेत."

तिने हातातला चिखल झटकला. "माझी वीट कमी भाजलेली नसते."

"म्हणूनच सांगतोय. तुमच्या पक्क्या विटेवर पोरांनी हात मारला तर हाडं मोडतील."

"मग फोडायला लावता कशाला?"

सर हसले. "वीट फुटल्याशिवाय खिशात हात कोण घालतो, ताई? सगळीकडे असंच करतात. पोरांना मात्र सांगायचं नाही. त्यांचा विश्वास असला की हात सरळ जातो. भीती आली की हात वळतो आणि मोडतो." मग हळू आवाजात म्हणाले, "कणीच पहिली उभी राहणार आहे."

पाण्याचा तांब्या घेऊन कणी आली. सरांनी तो एका दमात संपवला. भट्टीवाली हो म्हणाली. तोंडाने नाही, मानेने.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो पाच मिनिटं खोकला आणि मग म्हणाला, "मी नाही हात लावणार."

"तुम्हाला कोण लावा म्हणतंय?"

"तीस वर्षं लोकांनी डोळे मिटून वीट नेलीय आपली."

"आणि लेकीचा हात मोडला म्हणजे? तेव्हा तीस वर्षं चाटायची का?"

तिने त्या विटा वेगळ्या पाडल्या. साच्यातून काढताना दर विटेच्या कोपऱ्यावर ती अंगठा दाबायची, ती तिची खूण. ह्या विटांवर दाबला नाही. भट्टीत सगळ्यात वरच्या थरात, नुसती धग लागेल अशा त्या रचल्या आणि बाकीच्यांच्या आधी उतरवल्या. रंग बरा आला होता. बघणाऱ्याला वीटच वाटली असती. हातात घेतली की मात्र तिला शिसारी यायची.

कार्यक्रमाला सगळं गाव लोटलं. मैदानात दोन दगडांवर आडव्या तीन विटा, एकावर एक. पांढऱ्या डगल्यात कणी पुढे आली. तिने डोळे मिटले, श्वास ओढला आणि असा आवाज काढला की पुढच्या रांगेतलं तान्हं पोर रडायला लागलं. हात खाली गेला. तिन्ही विटा फुटल्या.

लोक उभे राहिले. टाळ्या, शिट्ट्या, नोटा. पोरीने गर्दीत आईला शोधलं आणि तिच्याकडे बघून हसली, अगदी लहानपणी हसायची तशी. भट्टीवालीने टाळ्या वाजवल्या. तळहात लाल होईपर्यंत वाजवल्या. आपण आपल्याच पोरीला सगळ्या गावादेखत फसवतोय हे तिला त्या घडीला नीट कळत होतं, आणि तरी हात थांबत नव्हते.

त्या संध्याकाळी कणी डाव्या हाताने जेवली. उजवा मांडीवर उताणा ठेवला होता आणि मधूनमधून ती त्याच्याकडे बघत होती.

"दुखतोय?" बापाने विचारलं.

"छे. काहीच वाटलं नाही, बाबा. सर म्हणतात त्यालाच ताकद म्हणतात."

बाप ताटातून उठला आणि बाहेर जाऊन खोकत राहिला.

निधी चांगला जमला आणि शाळेच्या आवारात काम सुरू झालं. गवंड्याने पाया घालून दिला आणि तो आपल्या दुसऱ्या कामावर गेला, कारण भिंती सरांच्या माणसांना स्वतःच्या हाताने उभारायच्या होत्या. सुट्टीच्या दिवशी डगलेवाले यायचे. दुकानदार, कारकून, त्यांच्या बायका, पोरं. घमेली हातोहात जायची, गाणी चालायची. विटेला वीट भिडवायचे, मध्ये सिमेंटचा माल दोन बोटं की चार ह्याची कुणाला शुद्ध नव्हती. भट्टीवाली विटा पोचवायला यायची आणि दात ओठ खाऊन परत जायची. फुकटच्या हाताला कोण नावं ठेवणार? ठेवली तर म्हणतील, हिच्या पोटात दुखतंय.

शेवटची खेप घेऊन ती गेली तेव्हा बाजूची भिंत डोक्याएवढी चढली होती. पोरं हात धूत होती. तिने सहज भिंतीकडे बघितलं आणि तिथेच थांबली.

भिंतीत अंगठा नव्हता. एक वीट, दुसरी वीट, अख्खा थर, त्याच्यावरचा थर. तिने नख लावलं. भुकटी निघाली. तिने बोट दाबलं. विटेला खड्डा पडला.

कार्यक्रमात उरलेल्या विटा टेम्पोने इथेच आणून टाकल्या होत्या, चांगल्या विटांच्या शेजारी.

सर खुर्च्या मोजत होते, उद्घाटनासाठी. ती तशीच त्यांच्याकडे गेली.

"सर, त्या विटा भिंतीत घातल्या."

"कुठल्या?"

"तुम्हाला माहितीयत कुठल्या."

सरांनी आजूबाजूला बघितलं आणि तिला बाजूला घेतलं. "उरल्या होत्या, ताई. लोकांच्या देणगीची वस्तू. फेकून कशी द्यायची?"

"भिंत उतरवा ती."

"वरून प्लॅस्टर होणार आहे. छताचं वजनसुद्धा नाही त्या भिंतीवर."

"संडास आहे तो! रोज पाणी पडणार. पायापासून विरघळेल. आत कोण असेल तेव्हा?"

"हळू बोला." सरांचा आवाज गोडच होता. "परवा पाहुणे येतायत. पोरांनी सुट्ट्या घालवल्यात ह्याच्यात. आता भिंत पाडली तर परत कोण येईल कामाला? पुढच्या उन्हाळ्यात सावकाश बघू. आणि ताई, लोक विचारतील वीट कुणाची? तर तुमचीच ना?"

तिने नखातली भुकटी झटकली.

"महिन्याभराने मोठी स्पर्धा आहे. कणीचं नाव मी पाठवलंय. येण्याजाण्याचं सगळं वर्ग बघेल." एवढं बोलून ते पुन्हा खुर्च्यांकडे वळले.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आणि मारायला शिकवणाऱ्याकडूनच. घरी येऊन तिने घागर आपटली. शेळीला उगाच काठी मारली. साचा भिंतीवर फेकला, तो फुटला, मग साचा फुटला म्हणून आणखी संतापली. राग सरांचा होता, पण सरांवर काढावा तर मधेच तिचे स्वतःचे हात दिसायचे. वीट कुणी भाजली? तिनेच ना?

"सांग तिला," नवरा दारातून म्हणाला.

"तुम्हाला काय जातंय सांगायला?"

"मला काय जायचंय आता. पण कणी जाणार आहे त्या संडासात. तिच्यापेक्षा लहान पोरी जाणार आहेत."

दुसऱ्या दिवशी चिखलात दोघी उतरल्या होत्या. कणी पाय मारताना बुक्के हवेत मारत होती, आकडे मोजत. भट्टीवालीने तिच्याकडे न बघता सांगितलं. कसं मागितलं, कसं भाजलं, भिंतीत काय गेलं. एका दमात सांगितलं, नाहीतर जमलं नसतं.

कणीचे पाय थांबले.

"खोटं बोलतेस."

"कणे..."

"मी फोडल्या त्या. मी! सगळ्यांनी बघितलं."

"फोडल्यास गं. पण त्या बापाच्या काठीनेही फुटल्या असत्या."

पोरगी चिखलात तशीच उभी राहिली. तोंड लाल झालं, मग पांढरं. "मग तू टाळ्या कशाला वाजवल्यास?"

भट्टीवाली खाली बघून चिखल तुडवत राहिली. कणी खड्ड्यातून वर चढली, पाय न धुता घरात गेली आणि त्या दिवशी पुन्हा कुणाशी बोलली नाही. आईने हाक मारली की भिंतीकडे तोंड करायची.

उद्घाटनाच्या सकाळी भट्टीवालीला जाग आली तेव्हा कणी डगला घालून निघूनही गेली होती.

शाळेच्या आवारात मांडव होता. बाजूची भिंत घाईघाईने प्लॅस्टर करून गुळगुळीत केलेली, निळा रंग दिलेली, वर हसऱ्या मुलींची चित्रं. भट्टीवाली घरून लोखंडी बादली घेऊन आली होती. तिने शाळेच्या नळावर ती भरली. ढिगाऱ्यात उरलेली एक बिनखुणेची वीट उचलली, एक अंगठ्याची उचलली आणि दोन्ही पाण्यात सोडल्या. मग बादली उचलून मांडवाच्या अगदी पुढे, पाहुण्यांच्या पायाशी नेऊन ठेवली आणि शेजारी उभी राहिली.

"हे काय?" शाळेच्या मोठ्या बाईंनी विचारलं.

"विटा भिजत घातल्यात."

"आत्ता? इथे?"

"भाषणं होईपर्यंत भिजतील."

सरांनी बघितलं आणि त्यांना कळलं. ते लगबगीने आले, बादलीच्या कडीला हात घातला. भट्टीवालीने कडीवर पाय ठेवला. बारीक अंगाची बाई, पण वर्षानुवर्षं चिखल तुडवलेला पाय होता तो. समोर सगळं गाव बसलेलं. सर हसले आणि हात काढून घेतला.

पाहुणे सेवेवर बोलले. शिस्तीवर बोलले. घामाचं मोल ह्यावर बोलले, आणि बोलताना त्यांना घाम पुसायला रुमाल दिला गेला. इकडे बादलीतून बुडबुडे यायला लागले. पाणी तांबूस झालं, मग गढूळ. पुढे बसलेली पोरं भाषण सोडून बादलीत वाकली. मोठ्या बाई खुर्चीतून अर्धवट उठून बघायला लागल्या. शेवटी खुद्द पाहुण्यांचं लक्ष गेलं आणि ते बोलताबोलता अडखळले.

भट्टीवालीने बाह्या वर केल्या आणि हात घातला. आधी अंगठ्याची वीट काढली. ठणठणीत. मग दुसऱ्यांदा हात घातला आणि ओंजळभर गाळ वर आणला.

"ही वीट त्या भिंतीत आहे," ती म्हणाली. "थरच्या थर. निळ्या रंगाच्या मागे. मी भाजलीय. कच्ची, मुद्दाम. फोडायला म्हणून."

एकच गलका झाला. कुणी म्हणालं, बाईचं डोकं फिरलंय. कुणी म्हणालं, बघा, कच्चा माल खपवते आणि वर तोंड करून सांगते.

"मुद्दाम? कुणाच्या सांगण्यावरून?" मोठ्या बाईंनी विचारलं.

भट्टीवालीने सरांकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं.

"गैरसमज झालाय काहीतरी," सर म्हणाले. "भट्टीत एखादवेळी माल कच्चा राहतो. ताई बिचाऱ्या कष्टाच्या आहेत. आपण सांभाळून घेऊ."

बिचाऱ्या! तिच्या हातातला गाळ बोटांमधून खाली गळत होता. तीस वर्षांत त्यांच्या भट्टीची वीट कधी कच्ची राहिली नव्हती आणि हा माणूस सगळ्या गावासमोर तिला सांभाळून घेत होता.

डगलेवाल्या पोरांच्या रांगेत सगळ्यात शेवटी एक सातआठ वर्षांची पोरगी उभी होती, शिंप्याची. पुढचे दोन दात पडलेले. तिनेही मैदानात एक वीट फोडली होती आणि त्या विटेचा तुकडा घरी फडक्यात बांधून ठेवला होता. तिने हात वर केला, वर्गात करतात तसा.

"सर, माझी वीटपण असलीच होती?"

सगळा मांडव तिच्याकडे वळला.

सरांनी तोंड उघडलं. मोठ्या माणसांना ते काहीही सांगू शकले असते. त्या पोरीकडे बघून त्यांना काही सुचेना. ते नुसते उभे राहिले, आणि ज्याला कळायचं त्याला कळलं. रांगेतली पोरं आपापल्या हातांकडे बघायला लागली.

कणी रांगेतून बाहेर आली. आईकडे तिने बघितलंही नाही. ती भिंतीशी गेली, जवळ खेळणाऱ्या दोन लहानग्यांना हाताने मागे सारलं आणि खालच्या थराला टाच घातली. रंगासकट ओलसर प्लॅस्टर तडकलं. दुसरी घातली, तिसरी घातली. ओरडली नाही, श्वास धरला नाही, काही नाही. आत लाल भुसभुशीत माती दिसायला लागली. मग रांगेतला एक जण आला, मग दोघं, मग सगळेच. ज्या हातांनी सुट्ट्यांत घमेली उचलली होती त्याच हातांनी त्यांनी चौथऱ्यापर्यंत ती भिंत उतरवली, आणि कुणाचा हात मोडला नाही.

पाहुणे केव्हा गेले कळलं नाही. धूळ बसल्यावर सर भट्टीवालीजवळ आले. डगल्यावर लाल माती उडाली होती.

"ताई, हे मला एकट्याला सांगायचं होतं तुम्ही."

"सांगितलं होतं," ती म्हणाली.

ते खाली बघत गेटाकडे गेले. चार पोरं सवयीने त्यांच्या मागे निघाली, अर्ध्यावर थांबली आणि परत आली.

कणी ढिगाऱ्यातून चांगल्या विटा वेगळ्या काढत होती. टाचेतून रक्त येत होतं. भट्टीवाली तिच्याशेजारी बसली, पदराने तिची टाच पुसायला गेली. पोरीने पाय काढून घेतला.

"भिंतीला किती लागतील?" तिने विचारलं. दोन दिवसांत आईशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"एका भट्टीत होतील. आठ दिवसांत लावू."

"मी रचीन भट्टी. बाबा सांगतील कशी ते."

"रच की. मी आहेच हाताशी."

"तू चिखल तुडव," कणी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "साच्यापासून पुढे तू हात लावायचा नाहीस. उतरवताना प्रत्येक वीट मी बघणार."

भट्टीवालीच्या डोक्यात तिडीक गेली. कालची पोर! हिच्यासाठीच तर केलं सगळं. ओठावर आलेलं तिने गिळलं, कारण ह्या वेळी बोट दाखवायला सर नव्हते, पाऊस नव्हता, कुणी नव्हतं.

"बघ," ती म्हणाली, आणि घमेलं ओढून राडारोडा भरायला लागली.